वय 79, जठरात दीड सेंटीमीटरची गाठ: दुर्बिणीतून काढावी की शस्त्रक्रिया करावी?

द्राक्षमळा (तासगाव, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार.

माझ्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, वय 79 आहे. दोन महिन्यांपासून त्यांना चालताना धाप लागू लागली, म्हणून रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 8.4 निघाले. सांगलीतील पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बीण टाकून पाहिली असता जठराच्या खालच्या भागात, आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाच्या थोडे अलीकडे, सुमारे 14 मिलिमीटरचा किंचित उंचवटा आढळला. त्याचे तुकडे तपासायला पाठवले होते. अहवालात ‘वेल डिफरन्शिएटेड अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ असे, म्हणजे कर्करोग असल्याचे, लिहून आले आहे. सीटी स्कॅनमध्ये ही गाठ दिसतसुद्धा नाही, यकृत स्वच्छ आहे आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) वाढलेल्या नाहीत.

आण्णांना मधुमेह आहे, तो गोळ्यांवर आटोक्यात आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. एवढे असूनही ते रोज सकाळी बागेत फेरी मारतात आणि मजुरांचा हिशेब अजून स्वतःच्या हाताने लिहितात.

आता अडचण अशी आहे की एका शल्यचिकित्सकांनी जठराचा खालचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे, तर पोटविकारतज्ज्ञांच्या मते ही गाठ पोटाला छेद न देता दुर्बिणीतूनच सोलून काढता येण्यासारखी आहे आणि त्यासाठी ते आम्हाला पुण्याला पाठवणार आहेत. पुण्यातला माझा धाकटा भाऊ म्हणतो की कॅन्सर आहे तर तो मुळापासूनच गेला पाहिजे, वरवर खरवडून काय होणार? आईचे म्हणणे असे की या वयात त्यांना कुठलाच हात लावू नये. दुर्बिणीतून काढल्यावर गाठ खरोखर पूर्ण जाते का, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचे काय करतात, आणि 79 वर्षांच्या शरीराला हे झेपते का, याविषयी जाणकारांनी आणि या प्रसंगातून गेलेल्यांनी लिहावे, ही विनंती. आण्णांना आम्ही अद्याप ‘आत जखम आहे’ एवढेच सांगितले आहे.

कृष्णाकाठ (मिरज)

मी पोटविकार विभागात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालेला डॉक्टर आहे. आपले कागद प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे निर्णय आपल्या डॉक्टरांचाच राहील, परंतु त्यांच्या म्हणण्यामागचा विचार आपल्याला कळावा म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या बंधूंच्या ‘मुळापासून’ या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा प्रश्न मूळ किती खोल गेले आहे याचाच आहे. जठराची भिंत थरांची असते. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांनी भरलेला सैल थर, त्याखाली स्नायू आणि बाहेरून पातळ आवरण. कर्करोग आतल्या अस्तरापुरताच असेल, पेशी ‘वेल डिफरन्शिएटेड’ म्हणजे मूळ पेशींशी बरेच साम्य राखणाऱ्या असतील, गाठीवर व्रण नसेल आणि आकार 2 सेंटीमीटरपर्यंत असेल, तर लसिकाग्रंथींत रोग पोहोचलेला असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. जपानमधील शल्यचिकित्सकांनी जठर काढलेल्या हजारो रुग्णांच्या ग्रंथी तपासून हे निकष बसवले आहेत. शस्त्रक्रियेचा मुख्य फायदा ग्रंथी काढून टाकण्यात असतो. ग्रंथींत काहीच नसेल, तर त्या फायद्यासाठी अर्धे-पाऊण जठर गमावण्याची किंमत फार मोठी होते, कारण त्यानंतर जेवण थोडे थोडे घ्यावे लागते, वजन उतरते, जेवल्यावर घाम येऊन चक्कर येते, आणि ऐंशीच्या घरातील माणसाचे उतरलेले वजन पुन्हा भरून येणे अवघड असते.

दुर्बिणीतून गाठ सोलून काढण्याच्या पद्धतीला ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन) म्हणतात. ती ‘वरवर खरवडणे’ नाही. गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटर सोडून विजेच्या सूक्ष्म चटक्यांनी खुणा करतात. मग अस्तराखालच्या सैल थरात निळसर रंगाचे द्रव सुईने भरतात, त्यामुळे अस्तर फुगून स्नायूपासून दूर उचलले जाते. त्यानंतर दुर्बिणीतून सरकवलेल्या बारीक विद्युत सुरीने भोवतालचे अस्तर कापून खालचा थर हळूहळू सोडवतात, वाटेतील रक्तवाहिन्या जागीच शेकून बंद करतात आणि पूर्ण गाठ एकसंध चकतीसारखी तोंडावाटे बाहेर काढतात. फास टाकून काढण्याची जुनी पद्धत लहान गाठींसाठी अजूनही वापरतात, मात्र तिच्यात गाठीचे दोन-तीन तुकडे झाले तर कडा स्वच्छ होत्या की नाही हे नंतर सांगता येत नाही. म्हणून चकती अखंड निघण्याला इतके महत्त्व आहे.

धोके दोन मुख्य आहेत. भिंतीला भोक पडण्याचा प्रसंग अनुभवी हातांतही शंभरात दोन ते पाच रुग्णांत येतो, पण बहुतेक वेळा ते भोक त्याच वेळी क्लिप लावून बंद करता येते. नंतर रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात पाचच्या आसपास असतो आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत तो वाढतो. म्हातारपणी आणखी एक भीती असते, ती म्हणजे गुंगीत असताना लाळ किंवा जठरातील पाणी श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया. त्यामुळे पुष्कळ भूलतज्ज्ञ अशा रुग्णांना श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देणेच पसंत करतात. भुलीनंतरच्या रात्री वृद्ध माणसे कधी कधी गोंधळतात, कुठे आहोत ते ओळखत नाहीत. चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचा माणूस उशाशी असला की हा गोंधळ बराच कमी होतो.

गोळ्यांविषयी. अशा प्रक्रियेपूर्वी क्लोपिडोग्रेल साधारणपणे पाच ते सात दिवस थांबवतात आणि स्टेंट असलेल्यांची अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. परंतु हे घरी आपल्या मनाने करायचे नाही, हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्यायचे. त्यांना हेही विचारा की तीन वर्षे जुन्या स्टेंटसाठी दोन्ही गोळ्यांची गरज अजून आहे का. अनेकांच्या बाबतीत वर्षभरानंतर एकच पुरते आणि दुसरी केवळ कोणी बंद करा म्हटले नाही म्हणून चालू राहते.

आणि एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. 14 मिलिमीटरच्या, व्रण नसलेल्या गाठीमुळे हिमोग्लोबिन 8.4 पर्यंत उतरणे मला सहजी पटत नाही. दोन गोळ्यांमुळे आतड्यात कुठे रक्त झिरपत असेल, बी-12 कमी असेल, अथवा मोठ्या आतड्यात वेगळेच काही असेल. मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली नसेल तर पुण्याला जाण्यापूर्वी तो विषय काढा. जठरातली गाठ सापडली म्हणून शोध तिथेच थांबवणे ही चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

वयाचे म्हणाल तर 79 हा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. बागेत फेरी मारणारा 79 वर्षांचा माणूस आणि अंथरुणाला खिळलेला 68 वर्षांचा माणूस यांत मी पहिल्याला निर्धास्तपणे पाठवीन.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा)

माझ्या आईची हीच प्रक्रिया दोन वर्षांपूर्वी पुण्यात झाली. तेव्हा ती 82 वर्षांची होती. प्रक्रियेला पावणेदोन तास लागले, दुसऱ्या दिवशी तिला पातळ पदार्थ दिले आणि चौथ्या दिवशी घरी सोडले. पोटावर एकही टाका नव्हता, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना नेमके काय झाले हेच पटवून देता येत नव्हते.

आपल्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट घरी आल्यानंतरची आहे. सहाव्या दिवशी आईला डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शी झाली आणि उठताना अंधारी आली. आम्ही ते रक्त असल्याचे ताबडतोब ओळखू शकलो, कारण डॉक्टरांनी आधीच्या आठवड्यात तिच्या लोहाच्या गोळ्या मुद्दाम बंद केल्या होत्या. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते आणि त्या चालू असत्या तर आम्ही ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून रात्र काढली असती. आपल्या वडिलांचे हिमोग्लोबिन कमी असल्याने त्यांनाही लोह दिले असणार, म्हणून त्याविषयी अवश्य विचारावे. साताऱ्यातच रात्री दुर्बीण टाकून क्लिपा लावल्या, रक्ताची एक बाटली द्यावी लागली आणि तिसऱ्या दिवशी आई घरी आली. सातारा ते पुणे सुमारे 110 किलोमीटर आहे, सांगली त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस आपल्या बंधूंकडे पुण्यातच राहणे बरे, आणि ते शक्य नसेल तर सांगली-मिरजेत रात्री-अपरात्री दुर्बीण टाकू शकणारे डॉक्टर कोण, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट अहवालाची. गाठ पूर्ण निघाली, चारी बाजूंच्या कडा आणि तळही स्वच्छ होता, परंतु रोग अस्तराच्या खाली 700 मायक्रॉनपर्यंत (0.7 मिलिमीटर) उतरला होता, असे आले. म्हणजे नियमाप्रमाणे पुढे शस्त्रक्रिया सुचवली जाते. आम्ही भावंडे त्या कागदाभोवती दोन दिवस भांडत होतो. डॉक्टर म्हणाले की लसिकावाहिनीत पेशी दिसलेल्या नाहीत, गाठ लहान होती, त्यामुळे ग्रंथींत रोग असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकी असावी. शेवटी आईनेच वाद मिटवला. तिला पहिल्या दिवसापासून सर्व माहीत होते आणि ‘पोट फाडायचे नाही, बाकी काय करायचे ते करा’ हे ती आधीच बजावून बसली होती. तेव्हापासून नियमाने दुर्बीण आणि सीटी स्कॅन करतो. आजपर्यंत काही निघालेले नाही.

आपण वडिलांना सांगितलेले नाही असे लिहिले आहे, म्हणून हे लिहिले.

काचपट्टी (सांगली)

मी विकृतिशास्त्राची (पॅथॉलॉजी) निवृत्त प्राध्यापिका आहे. सातारकर भगिनींनी जे अनुभवाने सांगितले, त्याची माझ्या बाजूने पुस्ती जोडते.

तासगावच्या व्यापाऱ्याला द्राक्षांच्या पेटीतला वरचा घड दाखवून भाव ठरवता येत नाही, तो हात घालून तळचा घड वर काढतोच. दुर्बिणीतून चिमट्याने घेतलेला तुकडा हा वरचा घड आहे. तो रोगाचा प्रकार सांगतो, खोली सांगत नाही. अंतर्गत सोनोग्राफीने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेल्या सोनोग्राफीने, खोलीचा अंदाज येतो, परंतु ती काही वेळा रोग असतो त्याहून खोल दाखवते. म्हणून दुर्बिणीतून काढलेली अखंड चकती हा उपचार तर आहेच, पण तीच सर्वांत विश्वासार्ह तपासणीही आहे.

मात्र तिची निगा नीट राखली गेली पाहिजे. ओली चकती तशीच बाटलीत टाकली तर ती आक्रसते, कडा आत वळतात आणि मग रोग कडेपर्यंत होता की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. ती कॉर्कवर किंवा थर्मोकोलवर टाचण्यांनी ताणून बसवून मगच फॉर्मेलिनमध्ये ठेवायची असते आणि आम्ही तिचे 2 मिलिमीटर अंतराने उभे काप घेतो. ‘तुमच्याकडे चकती टाचून पाठवतात का’ एवढा एक प्रश्न पुण्यात विचारून पाहा. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्या केंद्रात हे काम नेहमी होते की क्वचित, ते कळेल. आपल्या भागात जठराचा कर्करोग इतक्या लवकर सापडणे विरळाच. जपानमध्ये दशकानुदशके चाललेल्या तपासणी मोहिमांमुळे तो लवकर हाती लागतो आणि तिथल्या डॉक्टरांचा हात त्यावर बसलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे ‘अशा किती केल्या’ हे विचारण्यात संकोच करू नये.

अहवालात आकार, पेशींचा प्रकार, व्रण आहे की नाही, खोली, बाजूच्या कडा, तळ, आणि लसिकावाहिन्या व शिरा यांत पेशी शिरल्या आहेत का, इतक्या गोष्टी असल्याच पाहिजेत. खोलीची सीमा अस्तराच्या तळापासून 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर मानतात. रोग ती सीमा ओलांडून गेला, तर ग्रंथींचा धोका मोजण्यासाठी जपानी डॉक्टरांनी गुणांची एक पद्धत बसवली आहे. लसिकावाहिनीत पेशी असतील तर 3 गुण, आणि आकार 3 सेंटीमीटरहून मोठा, तळाची कड अस्वच्छ, शिरेत पेशी, खोली 500 मायक्रॉन किंवा अधिक, यांपैकी प्रत्येकाला 1 गुण. एकूण गुण शून्य किंवा एक असेल तर ग्रंथींत रोग आढळण्याचे प्रमाण 2.5 टक्के, दोन ते चार असेल तर 6.7 टक्के आणि पाच ते सात असेल तर 22.7 टक्के. सातारच्या आईंचा गुण एक होता.

आता 22.7 टक्के ऐकल्यावर साठीचा माणूस शस्त्रक्रियेला होकार देईल आणि 2.5 टक्के ऐकल्यावर ऐंशीचा माणूस नकार देईल, यात काही चूक नाही. पण दोन ते चार गुण आले तर? तिथे कागद गप्प बसतो आणि घरातली माणसे बोलू लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की दुर्बिणीतून काढायला जाण्यापूर्वीच, अहवाल वाईट आला तर पुढची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे की नाही, हे खुद्द रुग्णाला विचारून ठेवावे. ‘आत जखम आहे’ एवढेच माहीत असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही. हिशेब स्वतः लिहिणाऱ्या माणसाला एवढी एक नोंद लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वाळव्याचा_पाटील

विषयाला थोडा फाटा फुटेल, क्षमस्व. माझ्या आत्यांना, वय 84, जठरात 15 मिलिमीटरची गाठ आहे. तुकडा घेतला तर ‘नॉर्मल’ आला आणि डॉक्टर म्हणतात वर्षाने पुन्हा पाहू. तासगावकरांच्या वडिलांची तेवढीच गाठ काढायची आणि आत्यांची ठेवायची, हे कसे?

कृष्णाकाठ (मिरज)

आत्यांची गाठ बहुधा अस्तराची नसून अस्तराखालची असावी. वरून गुळगुळीत उंचवटा दिसतो आणि चिमटा वरच्या निरोगी अस्तरालाच लागतो, म्हणून तुकडा ‘नॉर्मल’ येतो. अशा गाठी चरबीच्या असू शकतात, स्नायूंच्या असू शकतात किंवा ‘जिस्ट’ नावाच्या, पुढे कर्करोगी होऊ शकणाऱ्या प्रकारच्या असू शकतात. जिस्ट 2 सेंटीमीटरहून लहान असेल, कडा सरळ असतील, वर व्रण नसेल आणि अंतर्गत सोनोग्राफीत आत पोकळ्या दिसत नसतील, तर 84 व्या वर्षी तिच्यावर नजर ठेवणे हा पूर्णपणे मान्य मार्ग आहे. अशी गाठ स्नायूच्या थरात रुजलेली असल्याने ती दुर्बिणीतून काढताना भिंतीला भोक पडण्याची शक्यता अधिक असते. गाठ वाढू लागली किंवा रक्तस्राव झाला तर विचार बदलतो. आकार सारखा असला तरी रोग वेगळा आहे, म्हणून सल्लाही वेगळा.

द्राक्षमळा (तासगाव, जि. सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवसांत काय झाले ते कळवतो.

मोठ्या आतड्याची दुर्बीण मिरजेत झाली, त्यात काही नाही. बी-12 मात्र फारच कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू आहेत. जठराच्या तुकड्यांत हेलिकोबॅक्टर हे जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे जंतूही होते. त्यावरचा चौदा दिवसांचा औषधोपचार प्रक्रियेनंतर द्यायचा आणि तो संपल्यावर किमान चार आठवडे थांबून जंतू गेले का ते तपासायचे, असे ठरले आहे. गाठ काढली तरी उरलेल्या जठरात नवी होऊ शकते, म्हणून दरवर्षी दुर्बीण करावी लागेल, हेही डॉक्टरांनी सांगितले. हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल कायमची बंद केली आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायला लेखी कळवले. सत्तरीवरील नागरिकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड आण्णांचे काढलेले होतेच, ते घेऊन पुण्यातील रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांशी भाऊ बोलून आला आहे. चकती टाचून पाठवतात का, हेही त्याने विचारले. डॉक्टरांनी त्याला टाचून बसवलेल्या एका चकतीचा फोटोच दाखवला.

परवा रात्री जेवणे झाल्यावर मी आण्णांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले की काढायला जायचे ते द्राक्षांच्या छाटणीच्या आधी की नंतर. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की अशी गाठ आठवड्या-दोन आठवड्यांत खोल जात नाही, पण महिन्यांवर ढकलू नका. अहवाल वाईट आला तर पोटाच्या शस्त्रक्रियेचे काय, हेही विचारले. आण्णा म्हणाले, “गुण किती आले ते मला आकड्यात सांग, मग बघू.” त्यांनी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर काचपट्टी ताईंनी दिलेले तिन्ही आकडे माझ्याकडून लिहून घेतले आहेत.

पुढच्या सोमवारी छाटणी संपते आहे. बुधवारी भरती व्हायचे आहे.